करंजाखालचा दगड

ओढ्याकाठच्या करंजाखाली जो दगड आहे, तो मी ठेवला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही, आणि जिला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या बायकोला तर नाहीच.

गावातल्या बाया त्या दगडावर दूध घालतात, चिमूटभर साखर ठेवतात. कुणी त्याला देव म्हणत नाही. शेंदूर लावायला एकजण निघाली होती, तिला माझ्या बायकोनंच अडवलं. 'लेकरांची जागा' एवढंच त्याचं नाव. आमची पहिली मुलगी त्याच्याखाली आहे असं सगळे धरून चालतात. त्या दगडाखाली करंजाची मुळं आहेत आणि ओढ्यानं आणलेली वाळू आहे. दुसरं काही नाही.

माझी बायको लिहायला-वाचायला शिकलेली नाही. त्यामुळे हे लिहिणं म्हणजे तिला सांगणं नव्हे, हे मला चांगलं ठाऊक आहे. कदाचित म्हणूनच हात चालतोय.

आमचं गाव दिघीच्या पलीकडं, लष्कराच्या हद्दीला लागून. हद्दीच्या आत चांदमारी होती, शिपायांच्या नेमबाजीची जागा. तिथं लाल निशाण चढलं की माळावर गुरं न्यायची नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. बंदुकांचा आवाज आम्हाला इतका अंगवळणी पडलेला की तो चालू असताना आम्ही जेवायचो, झोपायचो, भांडायचो. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र धडकी भरायची. माझी बायको बाहेरून आलेली होती. तिचं माहेर चाकणच्या पुढं.

ती सन पन्नासनंतरची वर्षं. पिंपरीकडं माळ सपाट करून कारखान्यांची बांधकामं निघाली होती. आमच्या गावची काही पोरं सायकलींवर भोसरीवरून तिकडं बिगारीला जायची, त्यांत मी एक. मिसरूड नुकतं फुटलेलं. आणि ती? तिचं जन्मसाल कुणालाच सांगता यायचं नाही. ज्या वर्षी भामा नदीला पूर येऊन खालची आळी वाहून गेली त्या वर्षीची, असं तिची आई म्हणायची. त्यावरून धरलं तर आमच्या घरात पाळण्याची तयारी चालली होती तेव्हा ती पंधराचीही नसावी. तेव्हा ते कुणाला वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

लग्नानंतर तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून तिची आत्या आली होती. नव्या नवरीला परक्या घरात एकटं वाटू नये म्हणून माहेरची एक जाणती बाई सोबत धाडायची, ही आमच्याकडची रीत. आत्या थोडे दिवस राहिली आणि गेली. ती गेली त्या दिवशी माझी बायको गोठ्याच्या दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती. तिला काय बोलावं ते मला कळेना, म्हणून मी सायकलची चेन पुसत बसलो. चेन स्वच्छच होती. माझं पुढचं सगळं आयुष्य साधारण असंच गेलंय. काही झालं की मी सायकलकडं जातो.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिची आई त्याच सुमारास स्वतःच बाळंतीण झाली, तेव्हा ही राहिली आमच्याकडं. चैत्र संपत आला होता. कळा सुरू झाल्या त्या सकाळी लाल निशाण चढलं आणि दिवसभर चांदमारी चालली. मूल कसं होतं हे त्या पोरीला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आपण मरतोय असंच तिला वाटत होतं. बंदुकीचा आवाज आला की ती ओरडायची आणि आतून सुईणीचा आवाज यायचा, "अगं, बंदूक तिकडं वाजतीया, तुला कशापायी लागतीया?"

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला ती गेली.

एवढ्या लहान जिवाला आमच्याकडं जाळत नाहीत, पुरतात. पुरुषांनी न्यायचं, खड्डा बापानं खणायचा, आणि जागा आईला सांगायची नाही. सांगितली तर तिचा जीव तिथंच अडकून बसतो, मग पुढचं मूल टिकत नाही, असं म्हणायचे. वडील नव्हते म्हणून चुलते आले. पंच्यात गुंडाळलेलं ते गाठोडं माझ्या हातात, कुदळ त्यांच्या खांद्यावर. वेशीपाशी आलो आणि माझे पाय थांबले.

"काका, तुमी जा फुडं. मला कामाव जायाचंय."

"आत्ता? दुपार कलली की."

"मुकादम बोलतो."

चुलते माझ्याकडं बघत राहिले. "लेका, तुझी हाय ती."

मी हात पुढं केले. त्यांनी कुदळ खाली ठेवली, गाठोडं घेतलं, मग कुदळ पुन्हा उचलायला त्यांना एका हातानं वाकावं लागलं. तीही मी उचलून दिली नाही. त्या गाठोड्याचं वजन मला आठवत नाही. आठवायला हवं होतं.

कामावर पोचलो तर मुकादम म्हणाला, "या पाव्हणं! अर्ध्या दिवसाची हजेरी मागाया आलासा व्हय?" पोरं हसली. मीही हसलो. कारखान्याच्या फाटकाकडं जाणारा रस्ता होत होता. ट्रकनं आलेला मुरूम मी फावड्यानं ओढायला लागलो.

घरी आलो तेव्हा आईनं माझ्या बायकोची छाती घट्ट फडक्यानं बांधून टाकली होती, दूध आटावं म्हणून. शेजारणी येऊन म्हणत होत्या, "व्हईल दुसरं. लहान हायेस अजून." त्या गेल्यावर तिनं मला विचारलं, "कुठं ठिवलं?"

"ओढ्याकडं."

"तुमी ठिवलं?"

"व्हय."

पहिलं उत्तर मी काही माहिती नसताना दिलं, दुसरं तर धडधडीत खोटं. ओढ्याकडं म्हणालो, कारण पुरायचं ते ओढ्याकाठीच, असा गावाचा रिवाज होता.

त्यानंतर ती बोलायची थांबली. भाकरी पुढं ठेवली तर तुकडा मोडून हातात धरून बसायची, तो हातातच वाळायचा. चांदमारी सुरू झाली की धान्याच्या कणगीमागं जाऊन पदर तोंडात कोंबून बसायची, आवाज थांबल्यावरही निघायची नाही. एकदा पाण्याला गेली आणि रिकामी घागर घेऊन विहिरीच्या काठावर नुसती उभी राहिली. कुणीतरी हाताला धरून घरी आणलं. तेव्हापासून आई तिला एकटीला पाण्याला पाठवेना.

संध्याकाळी सायकलवरून येताना भोसरीचा चढ ओलांडला की आमचं गाव दिसायचं. मी आधी विहिरीकडं बघायचो. तिथं माणसं जमलेली नाहीत ना? मग आमच्या घरावरचा धूर शोधायचो. धूर दिसला तरी पायडलं जोरातच मारायचो, कारण चूल आईनंही पेटवलेली असेल. दारात सायकल टेकवून मी आधी घंटी वाजवायचो. आतून कुणी रडत बाहेर येत नाही, एवढी खात्री झाली की मग आत जायचो. भावकीत बोलणं सुरू झालं होतं. "पोरगी कामातनं गेली. धाडा माह्यारी. दुसरी बघू." आई हो म्हणायची नाही, नाहीही म्हणायची नाही. मी तर काहीच म्हणायचो नाही.

अशात एक दिवस आक्का आली.

वरच्या आळीतली ही विधवा बाई सगळ्या गावाची आक्का. बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम ती घरी आणायची आणि तिच्या अंगणात बाया फोडायला बसायच्या. लोकांना वाटायचं शेंगा फोडतात. पुढं माझ्या बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं की तिथं निम्म्या जणी शेंगांसाठी नव्हत्याच. पोरवयात आया झालेल्या, कुणाचं मूल गेलेलं, कुणाला मूल घ्यायची भीती बसलेली, कुणी झोपेत किंचाळणारी. आक्का स्वतः तेराव्या वर्षी आई झाली होती आणि त्या लेकराचं काय झालं ते ती उघड्यावर कधी बोलली नाही.

तर ती आली, ओट्यावर बसली आणि आईला म्हणाली, "तुझी सून दे मला."

"काय करतीस तिचं? काडी इकडची तिकडं हुईना तिच्यानं."

"म्हनून तर मागतीया. कामाची असती तर तू दिली असतीस व्हय?"

आईला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आमच्या घरात कुणी हसलं.

"अगं, नवऱ्याच्या घरी नांदाया जायाचं तर आपुन पोरीसंगं पाठराखीण धाडतो," आक्का म्हणाली. "आन् ही तर मरणाच्या दारातनं जाऊन आली. तिथनं रिकाम्या हातानं परत आली. तिच्यासंगं कोन हाय? कणगी?"

आई आत गेली आणि तिला उठवून घेऊन आली.

आक्काची रीत साधी होती. एका पोरसवदा आईमागं एक पोक्त बाई. तीच तिची पाठराखीण, वर्ष लागो की दोन वर्षं. पाठराखिणीनं तिच्याशेजारी बसायचं, तिच्याबरोबर पाण्याला जायचं, तिचं ऐकायचं, ती बोलली नाही तरी बसायचं. 'व्हईल दुसरं' हे शब्द त्या अंगणात कुणी उच्चारायचे नाहीत. जिचे दिवस भरत आलेत तिला चिंध्यांची बाहुली घेऊन सगळं उलगडून सांगायचं: कळा कशा येतात, किती चालतात, मूल कसं धरायचं, दूध उतरत नसलं तर काय करायचं. माझ्या बायकोची पाठराखीण आक्का स्वतःच झाली.

मी कामावरून आलो की तिला आणायला जायचो. पुरुषाला अंगणात मज्जाव, म्हणून सायकल धरून कुडाबाहेर उभा राहायचो. एकदा मी उभा असतानाच चांदमारी सुरू झाली. कुडाच्या फटीतून दिसलं, तिनं दोन्ही हात कानांवर नेले होते आणि ती उठून पळायच्या बेतात होती. आक्कानं तिचा एक हात खाली ओढला, मुठीत शेंग कोंबली.

"हातात काय हाय?"

तिनं मुठीकडं बघितलंच नाही.

"आगं, तुझ्याच हातात हाय. मला म्हातारीला दिसंना. काय हाय?"

"शेंग."

"कशी हाय?"

"वाळल्याली."

"फोड. दाणं किती?"

"दोन."

"मंग येक तू खा, येक मला दे. दोन्ही खाल्लंस तर बघ!"

बाया हसल्या. बंदुका वाजतच होत्या. तिनं एक दाणा तोंडात टाकला. ती उठली नाही.

त्यानंतर रोज हेच. आवाज आला की आक्का विचारणार, हातात काय हाय? भाकरीचा तुकडा, ओलं लुगडं, केरसुणी, काही ना काही हातात असायचंच. हळूहळू ती कणगीमागं जायची थांबली. मग एका संध्याकाळी मी तिचं हसणं ऐकलं. आक्का माझ्याकडं बोट दाखवून म्हणत होती, "तुजा दादला बघ. सायकल पळून जाईल म्हनून कसा धरून हुबा हाय!" त्या हसण्यानं मला बरं वाटायला हवं होतं. मी सायकल आणखी घट्ट धरली. आता ती बोलू लागेल, आणि बोलू लागली की पुन्हा विचारेल, हे माझ्या ध्यानात आलं.

झालंही तसंच. फक्त विचारायला आक्का आली, कुडाबाहेर.

"पोरगी जागा इचारतीया. दाव तिला."

"आक्का, बाईमाणसाला दावत न्हाईत. रीत न्हाई."

"बाप्यांची रीत ती. बापे इसरत्यात, त्यांचं भागतं. ती रोज ओढ्याकडं तोंड करून बसतीया. कुठं ते ठावं न्हाई, म्हनून सगळा ओढाच तिला लेकराचा झालाय. येवढा मोठा ओढा तिला कसा झेपल? हातभर जागा दे तिला. तेवढी झेपंल."

मी मान हलवली. बाजाराच्या दिवशी जायचं ठरलं.

मी चुलत्यांकडं गेलो. ते बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. मी विचारलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"ओढ्याला कुठलं, लेका? ओढ्याला खडक लागला. कुदळ नुसती ठणाठणा वाजाया लागली. मंग गायरानात गेलो. मुरमाच्या खाणीच्या वरल्या अंगाला जिमीन उकरल्याली व्हती, मऊ. तितं ठिवलं. तू आला असतास तर दोघांनी खडकात बी..." ते पुन्हा तेल लावायला लागले.

गायरानात गेलो. खाणीचं तोंड मी शेवटचं पाहिलं होतं त्याच्या कितीतरी पुढं सरकलं होतं. ट्रक भरत होते. वरचं अंग कुठंच दिसेना. टिकाव मारणाऱ्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, "त्यो कोपरा व्हय? त्यो कवाच गेला पिंपरीला. तिकडं कंपनीच्या रस्त्याला."

मी सायकलकडं गेलो.

त्या रस्त्यावर मुरूम ओढणाऱ्या टोळीत मी होतो. ट्रक रिकामा झाला की आम्ही तो फावड्यांनी पसरायचो, पाणी मारायचो, मग त्यावरून रूळ फिरायचा. गायरानातून आलेल्या कितीतरी गाड्या मी ओढल्या होत्या. एकदाही खाली नीट बघितलं नव्हतं. असेल, नसेल. टिकावाखाली गेलं असेल, खाणीच्या कडेलाच कुठं घसरलं असेल, कोल्ह्यांनी नेलं असेल. नक्की काही सांगता येत नाही. हे नक्की नसणंच माझ्या वाट्याला आलं आहे.

तिला हे सांगायचं? जी आत्ता कुठं एक दाणा खायला लागली तिला? मी स्वतःला असं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. उत्तर मला सोयीचं होतं, हे तेव्हाही कळत होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी भर उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी इंद्रायणीवर गेलो. एक काळा गुळगुळीत दगड निवडला, भाकरीएवढा. पोत्यात गुंडाळून कॅरिअरला बांधला. ओढ्याकाठच्या करंजाखाली थोडं उकरून तो बसवला, पायानं दाबला, भोवती पाला टाकला. लांबून बघितलं तर तो नवा दिसत होता. चिखल चोळला, तरी नवाच. आणखी चोळला. कुणी येतंय का म्हणून सारखा मागं वळून बघत होतो. त्या दुपारी ओढ्यात म्हैस जरी उतरली असती तरी मी पळून गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गेलो. ती, आक्का, आई आणि मी. मी बोट दाखवलं. ती दगडाशेजारी खाली बसली. मान वर न करता तिनं मला विचारलं, "डोकं कोणच्या अंगाला हाय?"

हे ती विचारील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"उगवतीला," मी म्हणालो.

तिनं दगडाच्या उगवतीकडच्या बाजूला तळवा ठेवला. ओटीतून एक टोपडं काढलं, तिनंच शिवलेलं. ते तिथं ठेवलं आणि तिनं एका नावानं हाक मारली. मुलीचं बारसं झालंच नव्हतं, त्यामुळं ते नाव आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मी इथं लिहिणार नाही. ते तिचं आहे.

तेवढ्यात चांदमारी सुरू झाली. आईनं दचकून माझा हात धरला. मी बायकोकडं बघत होतो. आता उठेल, पळेल. आक्का हळूच म्हणाली, "हातात काय हाय?"

"हिचं डोकं," ती म्हणाली.

ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात तिथंच होता. आणि मग माझी आई, जिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, मटकन खाली बसली. "माजी दोन गेली," ती म्हणाली. "कुठं ठिवली, मी कदी इचारलं सुदीक न्हाई." सासू-सुना त्या दगडाशी बसून रडल्या. मी करंजाच्या खोडाकडं तोंड करून उभा होतो. सायकल आणली नव्हती.

परतताना आक्का मुद्दाम माझ्याबरोबर मागं राहिली.

"दगड नदीचा हाय," ती म्हणाली.

मी चालायचा थांबलो.

"मी काय इचारलं न्हाई. तू बी मला सांगू नगंस, मी ती न्हवं जिला सांगायचं. आज तिला चालू दे. पाय लागू दे भुईला. मंग सांग."

"कदी, आक्का?"

"तुला कळंल. आन् कळलं की तू सायकल काढशील, त्ये बी मला ठावं हाय."

तिचं म्हणणं खरं ठरलं. मला कितीतरी वेळा कळलं. ती पोटभर जेवू लागली तेव्हा कळलं. पुढं मुलगा झाला, आक्काचा हात धरून, न ओरडता, तेव्हा कळलं. दुसरा झाला तेव्हाही. दर वेळी मी सायकल काढली. चुलत्यांनीही खरी जागा शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही. आणि दिवसागणिक सांगणं अवघड होत गेलं, कारण तो दगड आता आमच्या एकट्याचा राहिला नव्हता. आक्काच्या अंगणातल्या दुसऱ्या पोरी तिथं येऊ लागल्या. एकीनं माझ्या बायकोला विचारलं, "माजं कुठं हाय ते घरात कुनी सांगंना. हितंच घालू का दूध?" ती म्हणाली, "घाल की. जागा लहान हाय, पर मावत्यात सगळी."

आक्का गेल्यावर ते अंगण माझ्या बायकोनं चालवलं. आता ती आक्काच्या वयाची होत आलीय. पंचक्रोशीतल्या कितीतरी पोरींची ती पाठराखीण झाली. घाबरलेल्या पोरीला ती त्या दगडापाशी नेते, तिचा हात त्यावर ठेवते आणि सांगते, "हितं माजी पोरगी हाय. ह्यांनी सवताच्या हातानं ठिवली."

मला त्याच कारखान्यात कायमची नोकरी लागली. मुरमाचा तो रस्ता पुढं डांबरी झाला. दर शिफ्टला मी त्यावरून गेलो. फाटकाआधीच्या त्या पट्ट्यात मी सायकलवरून उतरतो आणि ती ढकलत नेतो. बरोबरचे म्हणतात, "काय राव, रोज हितंच पंक्चर?" मी हसतो.

गेल्या रविवारची गोष्ट. घराला लागून आम्ही बांधलेल्या चाळीत मराठवाड्यातलं एक जोडपं भाड्यानं राहतं. पोरगी सोळा-सतराची. तिचं बाळ गेलं. नवरा ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम करतो, घरी तोंड उघडत नाही. माझी बायको त्या पोरीजवळ रोज बसते. तिनं मला सांगितलं, "त्याला तुमी बोला. बाप्याला बाप्याचं कळतं. तुमी कसा खड्डा खणला, कसं ठिवलं, ते सांगा त्याला. मला कदी सांगितलं न्हाई, त्याला तरी सांगा."

मी हो म्हणालो. रविवार उजाडेपर्यंत मला धड झोप नव्हती.

तो आला. माझ्यासमोर स्टुलावर बसला, कप गुडघ्यावर धरून. बायको आतल्या दारात तांदूळ निवडत बसली, ऐकू येईल अशी.

"काका," तो म्हणाला, "मावशी म्हणल्या, तुम्ही स्वतः ठेवलं होतं."

मी म्हणालो, "चहा निवतोय, घे."

तो कपात बघतच एकदम बोलला, "मी गेलोच नाही, काका. मेव्हण्यापाशी दिलं अन् शिफ्टला निघून गेलो. ती विचारती, कुठं ठेवलं. मला माहीतच नाही. काय सांगू तिला?"

हे माझं वाक्य होतं. आमच्या घरात, माझ्या समोर, दुसऱ्याच्या तोंडून आलेलं. मी तोंड उघडलं आणि माझ्या कपातल्या चहाचा घोट घेतला. आतून सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"न्हाई गेलास तर न्हाई गेलास, लेका," ती म्हणाली. "भ्यालास. तू बी ल्हानच हायेस की. जा, तिला हेच सांग. भ्यालो, गेलो न्हाई, म्हनावं. मंग दोघं मिळून मेव्हण्याला इचारा. ती रडंल, चिडंल. पर खोटं सांगू नगंस बाबा. खोट्यावर हात ठिवून माणूस किती दिस बसंल?"

तो उठून गेला. चाळीच्या टोकाला त्याचं दार उघडल्याचा आवाज आला. सांगायला गेला.

मी दाराकडं बघत होतो. बाहेर सायकल होती. बायको माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत संशय होता की काय, हे मी गेले सात दिवस ठरवू शकलो नाही. मग तिनं तिच्या पोरींना विचारते त्याच आवाजात विचारलं, "हातात काय हाय तुमच्या?"

मी बघितलं. "कप," मी म्हणालो.

"मंग ठिवा की खाली."

मी ठेवला. ती थोडा वेळ थांबली, मग तांदळाकडं गेली.

त्या पोरानं चाळीच्या त्या टोकापर्यंत जाऊन जे केलं, ते मला माझ्याच घरात या खोलीतून त्या खोलीत जाऊन करता आलेलं नाही. माझ्याकडं तिचं देणं राहिलं आहे ते एवढं: आपली मुलगी मी पुरली नाही, मी वेशीवरून पळालो. करंजाखालचा दगड मी नदीवरून आणला. डोकं कुठल्या अंगाला होतं ते मला ठाऊक नाही. आणि जिथं मुलगी असण्याचा संभव आहे, त्या रस्त्यापर्यंत तिच्या आईला माझ्याबरोबर चालत न्यायचं आहे.